स्टोरेज एरिया नेटवर्कमधील वाहतूक विलगीकरण

सर्व्हर व डिस्कसंच यांना जोडणाऱ्या स्टोरेज एरिया नेटवर्कमध्ये (सॅन) ठरावीक माहितीप्रवाहासाठी स्विचांमधील काही दुवे राखून ठेवण्याच्या पद्धतीस वाहतूक विलगीकरण म्हणतात. त्यामुळे बॅकअपचा भार दैनंदिन व्यवहारांच्या आड येत नाही. राखीव दुवा तुटल्यावर पर्यायी मार्गाची मुभा असेल तर प्रवाह इतर दुव्यांवर वळतो. नसेल तर तो अडतो, मग शेजारचा दुवा मोकळा का असेना. मुभेमुळे सेवा टिकते, पण विलगीकरण भंगते.

पर्यायी व्यवस्थाही कोलमडू शकते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात दोन सेवादात्यांचे दूरसंचार दुवे अस्थिर झाले, सर्व्हरांना सॅन मिळेनासे झाले आणि जोखीम-व्यवस्थापन प्रणाली बंद पडली. सकाळी सुमारे ११:४० वाजता थांबलेले व्यवहार दुपारी ३:४५ वाजता सुरू झाले.