बन्याचं पुणे

पुणे बघायला निघालेला माणूस बहुधा शनिवारवाड्यापासून सुरुवात करतो. मित्रहो, मी आपल्याला आज पुण्यात नेणार आहे ते फुरसुंगीकडून. पेशव्यांचं पुणे दाखवणारे जाणकार पुष्कळ आहेत. मला दाखवायचंय ते बनेश फेणे नावाच्या मुलाचं पुणे. म्हणजे आपल्या लाडक्या फास्टर फेणेचं.

अंगानं काटकुळा, सायकलवर स्वार, तोंडानं ‘ट्टॉक’ असा आवाज काढणारा हा मुलगा भा. रा. भागवतांनी घडवला. भागवतांचा जन्म १९१० सालचा, इंदूरचा. आकाशवाणीत काम केलेला, बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेलेला हा माणूस पुढे मुलांसाठी लिहिण्यात रमला. त्यांनी ‘बालमित्र’ मासिक चालवलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला. आणि स्वतःचा नायक उभा करायची वेळ आली, तेव्हा पेठेतला वाड्यातला मुलगा न निवडता फुरसुंगीचा निवडला. इंदूरच्या लेखकाचा फुरसुंगीचा नायक पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकायला येतो. लेखक बाहेरचा, नायकही बाहेरचा. आणि तरी सगळ्यांत पुणेरी मुलगा कोण विचाराल, तर नाव बन्याचंच निघतं!

फुरसुंगी हे हडपसरच्या पलीकडचं गाव. पुणे-मिरज लोहमार्गावर त्याचं स्टेशन आहे. जवळून सासवडचा रस्ता जातो. माउलींची पालखी त्याच रस्त्यानं दिवे घाटाकडे निघते. पालखी पुण्यातून बाहेर पडते आणि आपला बन्या त्याच दिशेकडून पुण्यात शिरतो. हडपसर, पूलगेट, मग कॅम्प, मग पेठा. शहर असं हळूहळू उलगडत जातं. गावाकडून येणाऱ्याला शहर नेहमी असंच दिसतं, कडेकडून आत.

ज्या दशकांत या कथा रुजल्या, तेव्हाचं पुणेही कडेनं वाढत होतं. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, शेकडो वाडे कोसळले. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. तिकडे पिंपरी-चिंचवडला कारखाने आले. जुनं पुणे पेठांबाहेर सांडलं, आणि या साऱ्या माणसांना जोडत होती ती सायकल. सायकलींचं शहर ही पुण्याची ओळख होती. बन्याच्या हाती भागवतांनी मोटार दिली नाही, घोडा दिला नाही. कारकुनाची, कामगाराची, विद्यार्थ्याची असते तीच सायकल दिली. त्या सायकलवाल्याला पुढे त्यांनी प्रतापगडावर नेलं, काश्मीरला नेलं, चीनच्या युद्धाच्या धुमाळीतही नेलं.

आमचं धावडा भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराजवळ. आमच्यासाठी तेव्हाचं औरंगाबादसुद्धा लांब होतं. पुण्याची तर गोष्टच सोडा. घरात बोली दखनी, शाळेत मराठी. शनिवारवाडा आम्हाला इतिहासाच्या पुस्तकात भेटला. तो दुसऱ्या कुणाचा तरी होता, लांबून बघायचा होता. बन्याचं पुणे मात्र आमचंही होतं. तिथं शिरायला घराण्याचं नाव लागत नव्हतं. दोन पाय, दोन चाकं आणि थोडं धाडस एवढंच लागत होतं. मुलांच्या पुस्तकानं केलेलं हे काम लहान नाही.

लंडनच्या केन्सिंग्टन बागेत १९१२ पासून पीटर पॅनचा पुतळा आहे. पॅडिंग्टन स्टेशनात त्याच नावाच्या अस्वलाचा पुतळा आहे. तो २००० साली बसवला. ते अस्वलही पेरू देशातून आलेलं, परकं. शहराला जे पात्र सगळ्यांत जास्त प्रिय होतं, ते पुष्कळदा बाहेरून आलेलं असतं, हे मला विचार करण्यासारखं वाटतं.

मग बन्याच्या गावाला शहरानं काय दिलं? ऐकायला बरं नाही वाटणार, पण सांगतो. कचरा दिला. ऐंशीच्या दशकापासून पुण्याचा कचरा फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या शिवारात येऊन पडत राहिला. दुर्गंधी आली, विहिरींचं पाणी नासलं, डेपोला आगी लागल्या. गावकऱ्यांनी कितीदा तरी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. २०१७ साली ही गावं महापालिकेत घेतली गेली; पुढे ती पुन्हा बाहेर काढून २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. शहरात आहे की नाही, हा प्रश्न बन्याच्या गावाला असा सरकारी कागदावरही छळत राहिला.

गंमत बघा, त्याच २०१७ साली ‘फास्टर फेणे’ हा चित्रपट आला. अमेय वाघनं बन्या रंगवला आणि दिलीप प्रभावळकरांनी साक्षात भागवत. त्यातला बन्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. हे अगदी खरं आहे. आज सदाशिव पेठेत, नवी पेठेत, शास्त्री रस्त्यावर चालून पाहा. अभ्यासिकांत बसलेली, मेसच्या डब्यावर राहणारी, स्पर्धा परीक्षा देणारी मुलं-मुली बीडची, परभणीची, जालन्याची, बुलढाण्याची आहेत. त्यांच्या खोलीचं भाडं, त्यांची वही-पुस्तकं, त्यांचा चहा यांवर त्या पेठांतली कितीतरी घरं आणि दुकानं चालतात. बन्याचे खरे वारस तेच. फरक एवढाच, की बन्याच्या पाठीशी भागवत होते.

भागवत २००१ साली गेले. त्यांची पुस्तकं अजून मिळतात. अप्पा बळवंत चौकात गेलात तर एक संच घ्या आणि घरातल्या मुलाला द्या. पुढच्या रविवारी शनिवारवाडा जरूर दाखवा त्याला. पण त्यानंतर हडपसरच्या पुढं, फुरसुंगीपर्यंत न्या. पुण्याचा एक नायक इथून आला, हे त्याला सांगा. आणि पुण्यानं इथं काय आणून टाकलं, तेही सांगा. दोन्ही कळल्याशिवाय शहर कळलं असं म्हणता येणार नाही.