सेंट ऑगस्टीन चर्च, जुने गोवे

सेंट ऑगस्टीन चर्च हे गोव्यातील तिसवाडी तालुक्यात, जुने गोवे येथील 'मोंते सांतो' या टेकडीवर असलेले भग्न चर्च आहे. त्याचे मूळ नाव 'नोसा सेन्होरा दा ग्रासा', म्हणजे कृपामातेचे चर्च. आज त्याचा जांभ्या दगडाचा सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा तेवढा दुरून दिसतो. बाँ जेझूस बासिलिकात सेंट फ्रान्सिस झेविअरच्या अवशेषांचे दर्शन घेणारे पर्यटक या टेकडीकडे क्वचितच वळतात. वास्तविक संतांच्या अवशेषांचा विलक्षण इतिहास याही ठिकाणी आहे.

== इतिहास ==
ऑगस्टीन पंथाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. चर्चची इमारत १६०२ मध्ये पूर्ण झाली. १८३५ मध्ये पोर्तुगीज शासनाने धार्मिक पंथांवर बंदी घातल्यानंतर मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग ढासळला. मनोऱ्यावरील प्रचंड घंटा त्याआधीच उतरविण्यात आली होती; ती १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. जुने गोवे येथील चर्च व मठ १९८६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

== राणी केतेवानचे अवशेष ==
जॉर्जियातील काखेती राज्याची राणी केतेवान इराणचा शाह अब्बास पहिला याच्या कैदेत होती. धर्मांतरास नकार दिल्यामुळे १३ सप्टेंबर १६२४ रोजी शिराझ येथे तिला यातना देऊन ठार करण्यात आले. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स चर्च तिला संत मानते. शिराझमधील पोर्तुगीज ऑगस्टीन साधूंनी तिचे काही अवशेष मिळवून १६२७ मध्ये गोव्यात आणले. ते मठाच्या सभागृहातील दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत ठेवल्याची नोंद पोर्तुगीज कागदपत्रांत होती. प्रश्न एवढाच होता की छत, भिंती, खिडक्या सारेच ढिगाऱ्याखाली गेल्यावर ती खिडकी शोधायची कशी?

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने उत्खनन करून सभागृहाचा आराखडा मोकळा केला. त्यात हाताच्या हाडाचा तुकडा सापडला. हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलेक्युलर बायॉलॉजी केंद्राने त्याच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएची तपासणी केली, तेव्हा त्यात 'यू१बी' हा गट आढळला. हा गट भारतात आढळत नाही, जॉर्जिया व आसपासच्या प्रदेशात मात्र आढळतो. असा डीएनए व्यक्तीचे नाव सांगत नाही, केवळ मातृवंश सांगतो. म्हणूनच शास्त्रज्ञांनी पुरातत्त्वीय व लिखित पुराव्यांशी मेळ घालून, हे हाड राणीचे असण्याची शक्यता आहे, एवढाच संयमित निष्कर्ष काढला. पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या माहितीत हा सावधपणा सहसा उरत नाही.

२०१७ मध्ये हे अवशेष भाविकांच्या दर्शनासाठी तात्पुरते जॉर्जियाला पाठविण्यात आले. जुलै २०२१ मध्ये भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांचा एक भाग तिबिलिसी येथे जॉर्जियाला कायमस्वरूपी भेट दिला.