उंबरखिंडीची बंदूक आणि उलटा एन

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावायला जमत नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, कर्जतजवळ फार्महाऊस बांधलंय. हॉलच्या भिंतीवर लावायला जुनी बंदूक बघतोय. विकणारा म्हणतो, उंबरखिंडीच्या लढाईतली आहे. फोटो पाठवतो, बघून सांगशील?" सोबत तीन फोटो होते. पहिला बघून मलाही वाटलं, वा! दुसरा झूम केला आणि उत्तर मिळालं. काय दिसलं ते सांगतो, पण आधी उंबरखिंडीत जाऊन येऊ.

खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ ही जागा आहे. फेब्रुवारी १६६१. पुण्यात शाहिस्तेखान तळ ठोकून बसलाय. तो कारतलबखानाला घाट उतरून कोकणात पाठवतो, सोबत रायबागन. वाट अरुंद, दोन्ही बाजूंना दाट रान. महाराजांची माणसं आधीच वर दबा धरून बसलेली. फौज खिंडीत पुरती शिरली आणि वरून बाण, गोळ्या, दगड सुरू झाले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. शेवटी खान शरण आला आणि खंडणी देऊन, सामानसुमान टाकून परत गेला.

आता "सामान टाकून गेला" म्हटलं की विकणाऱ्याला गोष्ट आयतीच मिळते. "साहेब, तिथल्याच मातीत सापडली."

तर दुसऱ्या फोटोत काय होतं? बंदुकीच्या बाजूला हातोडीसारखा घोडा आणि त्याच्या खाली एक छोटी बोंडी. म्हणजे ही टोपीची बंदूक. बोंडीवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाते. या तंत्राचं मूळ पेटंट अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ साली घेतलं, आणि टोपी त्याच्याही नंतर आली. मग १६६१ च्या लढाईत ती कशी असेल? त्या काळी आपल्याकडे चालायची ती तोड्याची बंदूक. पेटत्या दोरीचं टोक खाली यायचं, रंजक पेटायची, मग बार उडायचा. मधल्या काळात चकमकीच्या दगडाची बंदूक आली. क्रम लक्षात ठेवा: तोडा, चकमक, टोपी. आणि १८६६ च्या स्नायडरपासून ब्रिटिश फौजेत मागून काडतूस भरायची रायफल. हे चार टप्पे पाठ असले तरी बऱ्याचशा थापा तिथल्या तिथे उघड्या पडतात.

हाताने केलेलं म्हणजे नकली का?

इथे एक गंमत आहे. सगळे सांगतात, "हाताने बनवलेले पार्ट दिसले की समजा डुप्लिकेट." पण ते अर्धंच खरं आहे.

तोड्याची बंदूक तर हातानेच व्हायची. लोहार लोखंडाची पट्टी गुंडाळून, भट्टीत सांधून नळी करायचा. तिच्यावर कानशीचे ओरखडे असणं, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसणं हे साहजिकच. उलट तिच्यात फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर शंका घ्या, कारण तो स्क्रू १९३० च्या दशकातला. नळी तोंडापासून बुडापर्यंत एकसारखी आणि पातळ असेल, तर ती बहुधा नळाच्या पाइपचा तुकडा आहे. खरी नळी बुडाशी जाड असते. बार तिथेच फुटतो ना!

एन्फिल्डची गोष्ट वेगळी. १८५० च्या दशकात लंडनजवळच्या एन्फिल्डच्या सरकारी कारखान्याने अमेरिकेतून यंत्रं आणली. हेतू काय, तर एका रायफलीचा पार्ट दुसरीत बसला पाहिजे. म्हणजे तिथली खूणच ही की शंभर स्क्रू एकसारखे. तिथे कानशीचे वेडेवाकडे ओरखडे, एका भोकात बसणारा पण शेजारच्या भोकात न बसणारा स्क्रू, ओळीतून घसरलेली अक्षरं दिसली तर काहीतरी गडबड आहे.

म्हणून पहिला प्रश्न "हाताने केलंय का?" हा नाही. "ही जिथे बनली असं सांगतात, तिथे ती कशी बनली असती?" हा आहे.

उलटा एन

हाताने बनवलेल्या नकलांचं सगळ्यात प्रसिद्ध ठिकाण आता पाकिस्तानात आहे. पेशावर आणि कोहाटच्या मधलं दर्रा आदमखेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथले कारागीर मार्टिनी-हेन्री आणि पुढे ली-एन्फिल्ड रायफली समोर ठेवून कानशीने तशाच घडवायचे. हातात कसब जबरदस्त! पण इंग्रजी अनेकांना वाचता येत नव्हतं. अक्षर त्यांच्यासाठी नक्षी होती. त्यामुळे एन्फिल्ड शब्दातला एन उलटा पडायचा, स्पेलिंग चुकायचं, मुकुट वाकडा व्हायचा.

आणि साल! ब्रिटिश रायफलीवर मुकुटाखाली राजा-राणीची आद्याक्षरं असतात. व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया. ती २२ जानेवारी १९०१ ला वारली. त्यानंतर ई आर, म्हणजे सातवा एडवर्ड, १९१० पर्यंत. मग जी आर, जॉर्ज. बंगालमधल्या इशापूरच्या रायफलींवर जी आर आय सुद्धा दिसतं. आता व्ही आर लिहून खाली १९०७ साल असेल, तर मेलेल्या राणीने रायफल दिली म्हणायची! कंपनी सरकारच्या बंदुकांवर सिंहाचा छाप असायचा. कंपनीचं राज्य १८५८ मध्ये संपलं. त्यामुळे सिंह आणि १८७० हे एकत्र दिसलं की थांबा.

पूर्ण नकली बंदूक तशी लवकर सापडते. अवघड असते ती अर्धी खरी. नळी अस्सल, पण चापाची पेटी नवी. लाकूड जुनं, पण छाप काल मारलेला. म्हणून सुट्या भागांवरचे नंबर जुळतात का बघा. गंज बघा: खरा गंज कुठे खोल, कुठे हलका असतो, आणि जिथे हात लागतो तिथे धातू गुळगुळीत झालेला असतो. ॲसिड किंवा मीठ लावून आणलेला गंज सगळीकडे सारखा. छाप गंजाच्या आधीचा असायला हवा. खाचेच्या आत चकचकीत आणि बाहेर तांबडं असेल, तर छाप नंतर मारलाय. लोखंडी पट्टी काढून खालचं लाकूड बघू द्या म्हणावं. वरून काळंभोर आणि आतून ताजं पिवळं असेल, तर काळेपणा पॉलिशचा.

एक मात्र कळकळीने सांगतो. जुनी ठासणीची बंदूक कायम भरलेली आहे असंच समजा. कित्येक बंदुकांच्या नळीत जुना बार तसाच पडून असतो. नळीत डोळा घालू नका, चाप ओढून सेल्फी काढू नका. आणि हाताने केलेली रायफल खरीखुरी उडवून बघायचा विचार तर सोडूनच द्या. तिच्या लोखंडाची खात्री कोणीच देत नाही. फुटली तर आपल्याच तोंडावर फुटते.

कागद कुठाय?

१८७८ च्या शस्त्र कायद्यापासून आपल्याकडे बंदुकीला परवाना लागतो. आज १९५९ चा कायदा आहे. त्याच्या ४५ व्या कलमात जुनाट शस्त्रांना सूट आहे, पण कधी? दुरुस्त करूनसुद्धा ती बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तर. "अँटिक आहे, लायसन लागत नाही" एवढं ऐकून पैसे देऊ नका. शंका असली तर आधी पोलीस ठाण्यात विचारा. शिवाय १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणजे बघा, वस्तू नकली असली तर पैसे गेले आणि असली असली तर प्रश्न कायद्याचा!

आता मला खरं खुपतं ते सांगतो. आपल्या भागात फक्त उंबरखिंड विकली जात नाही. माथेरानचे भाई कोतवाल, वकील माणूस. १९४२ मध्ये त्यांनी आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. उद्या कोणी एखाद्या रायफलीवर "सिद्धगड" कोरून विकली तर? घेणाऱ्याचे पैसे बुडतील, ते सोडा. पण ती भिंतीवर लागेल, तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरेल, आणि दहा वर्षांनी एखादं पोरगं तिलाच पुरावा मानेल. बंदुकीचा सगळ्यात सहज बनवता येणारा नकली पार्ट म्हणजे तिची गोष्ट. त्याला कानससुद्धा लागत नाही.

सिनेमाच्या सेटवरची बंदूक नकली असते, आणि त्यात काहीच वाईट नाही, कारण ती कोणाला फसवत नाही. शोभेची हवी तर शोभेची म्हणून घ्या, पावतीवर तसं लिहून घ्या.

आपल्या श्रोत्याला मी एवढंच सांगितलं: "विकणाऱ्याला म्हण, पावतीवर 'उंबरखिंड, १६६१' लिहून सही कर." त्याने फोन केला. समोरचा म्हणाला, "बघतो, उद्या सांगतो."

तो उद्या अजून आलेला नाही. भिंत रिकामीच आहे. पण मागच्या रविवारी श्रोत्याने उंबरखिंडीचा फोटो पाठवला. स्वतः जाऊन काढलेला.

भेटू पुढच्या भागात!