‘जागल’ : शब्द आणि व्यवहार

रात्रीच्या राखणीसाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. ‘पहारा’ हा ‘प्रहर’ या कालमापनाशी नाते सांगतो. त्यात पाळी बदलण्याची कल्पना अभिप्रेत आहे. ‘गस्त’ फार्सीतून आली आणि तिच्यात फिरणे आहे. ‘चौकी’त ठिकाण आहे, ‘राखण’ या शब्दात सांभाळायच्या वस्तूचे भान आहे. ‘जागल’ मात्र या सर्वांहून निराळी. वेळ, फेरी, ठिकाण यांपैकी काहीही न सांगता ती एवढेच सांगते की, कोणीतरी झोपलेले नाही. विदर्भात पीक हाताशी आले की रानडुकरांपासून ते वाचवण्यासाठी शेतकरी आजही ‘जागलीला’ जातो. आणि जुन्या गावगाड्यात रात्री गाव राखणारा तो ‘जागल्या’.

‘जागृ’ या एकाच संस्कृत धातूपासून कोजागरी, खंडोबाचे जागरण आणि गोव्यातील ‘जागर’ हे लोकनाट्यही आले. तेथे जागणे देवासाठी, व्रत म्हणून, आणि एखाद्या रात्रीपुरते असते. म्हणून त्याला प्रतिष्ठा आहे. जागल रोजची, आणि ती दुसऱ्यांसाठी. साहजिकच ती रामोशी, कोळी, महार अशा समाजांकडे वंशपरंपरेने आली. मोबदला थोडे धान्य किंवा इनामी जमिनीचा तुकडा. गाव ज्यांच्या भरवशावर निजत असे, त्यांतील कित्येकांची घरे मात्र गावकुसाबाहेर होती. १८७४च्या मुंबई वतन कायद्याने ही सेवा कागदोपत्री बांधली, १९२८मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. आणि कनिष्ठ गाववतने संपवणारा कायदा येण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

या शब्दाची कसोटी पाहायची तर जबलपूरच्या इतिहासाकडे वळावे लागते. गढा-मंडलाचा हा मुलूख १७८१मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आणि १७९८मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८१७च्या डिसेंबरात जबलपूर इंग्रजांच्या हाती गेले. पुढे येथेच राहून विल्यम स्लीमन यांनी ठगांच्या बंदोबस्ताची मोहीम चालवली. १८२२ ते १८२४ या काळात ते शेजारच्या नरसिंहपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होते. आपल्या जिल्ह्यातील साधी चोरीही आपल्याला कळल्यावाचून राहत नाही, असा त्यांचा समज होता. पुढे त्यांना कळले, आणि ते त्यांनी स्वतःच नमूद केले, की आपल्या कचेरीपासून ४०० यार्डांच्या आत, कंदेली गावात, ठगांची एक टोळी त्या काळात वस्ती करून होती. जागे असणे आणि जाग असणे यांतील अंतर याहून नेमके दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल.

गावागावांतून राखणदार असताना हे कसे घडले? याचे उत्तर ‘जागल’च्या मर्यादेतच आहे. जागल गावाची, शिवाराची. वाटेवरच्या आमराईत उतरलेला प्रवासी कोणाच्याच जागलीत येत नव्हता. शिवाय ठगांना जमीनदारांचा आसरा असे. स्लीमन यांनी शस्त्रांइतकाच भाषेचा आधार घेतला. माफीच्या साक्षीदारांकडून ठगांची सांकेतिक बोली जाणून घेऊन त्यांनी तिचा कोश केला. तो १८३६मध्ये कलकत्त्याहून ‘रमासिआना’ या नावाने प्रसिद्ध झाला. साक्षीदारांच्या जबान्यांवर किती विसंबावे याविषयी अभ्यासकांनी पुढे रास्त शंका उपस्थित केल्या. तरीही राखण करण्यासाठी आधी शब्द ऐकावे लागतात, ही जाणीव त्या खटाटोपामागे होती.

मराठीत ‘जागणे’ या क्रियापदाला दुसराही अर्थ आहे. माणूस शब्दाला जागतो, खाल्ल्या मिठाला जागतो. झोप न घेणे आणि इमान राखणे या दोन गोष्टी भाषेने एकाच क्रियापदात बांधल्या. पण इमान कोणाशी, हे भाषा ठरवून देत नाही. १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात गोंड राजा शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. त्याच रात्री ५२वी देशी पलटण बंड करून छावणीबाहेर पडली. कंपनीच्या दृष्टीने ते सैनिक मिठाला जागले नाहीत. ज्या भूमीत ते उभे होते, तिच्या दृष्टीने ते त्या रात्री खऱ्या अर्थाने जागे झाले. एकाच घटनेला क्रियापद तेच, निवाडा मात्र उलटा.

व्यवहारातून वतन गेले, तरी शब्द टिकला. मध्य प्रदेशच्या १९५९च्या जमीन महसूल संहितेत ‘कोटवार’ आहे, महाराष्ट्रात ‘कोतवाल’ होता. दोहोंचे मूळ कोट राखणाऱ्याच्या नावात, म्हणजे सत्तेच्या तटबंदीत. ‘जागल्या’ला असा कोट नाही. अलीकडे मराठी वृत्तपत्रांनी, संस्थेतील गैरव्यवहार धोका पत्करून उघड करणाऱ्या माणसासाठी हाच शब्द योजला. अशा व्यक्तींच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०१४मध्ये संमत झाला, त्याच्या चर्चेतही तो रुळला. ही निवड अर्थपूर्ण आहे. पूर्वी जागल्याने बाहेरच्या चोराची चाहूल द्यायची होती. आता त्याने घरातल्याची द्यावी अशी अपेक्षा आहे. बदललेले नाही ते इतकेच, की जो इतरांसाठी जागतो त्याची झोप कोण राखणार, या प्रश्नाचे उत्तर गावाने अजूनही द्यायचे आहे.