उकिरडा, बलुते आणि सफाईपट्टी : बुलढाणा जिल्ह्यातील कचऱ्याच्या आकारणीचा इतिहास

घनकचरा व्यवस्थापनाचे जे नियम केंद्र सरकारने 2016 साली जारी केले, त्यांत प्रत्येक कचरा-उत्पादकाने स्थानिक संस्थेच्या उपविधीनुसार वापरशुल्क द्यावे असे कलम घालण्यात आले. अंगणातील व बागेतील पालापाचोळा घरमालकाने आपल्याच आवारात निराळा साठवावा व स्थानिक संस्थेच्या आदेशाप्रमाणे त्याची वासलात लावावी, असेही त्यांत म्हटले आहे. वऱ्हाडातील लहान शहरांच्या रहिवाशांस ही आकारणी अगदी नवी, किंबहुना अन्यायाची वाटली तर नवल नाही. परंतु केर उचलणाऱ्यास मोबदला देण्याची चाल या भागात फार जुनी आहे. काळानुसार बदलत गेले ते मोबदल्याचे रूप, आणि तो कोणी कोणास द्यावयाचा याची दिशा. हा बदल ध्यानी घेतल्यावाचून आजच्या तक्रारीचा उलगडा होणे कठीण आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील असो वा घाटावरचे असो, जुन्या खेड्यात ‘कचरा’ या सदरात जाईल अशी वस्तू विरळाच होती. शेण, राख, गोठ्यातील झाडलोट आणि गुरांनी टाकलेले कडब्याचे बुडखे हे सारे उकिरड्यावर पडे व पावसाळ्यापूर्वी गाडीने शेतात जाई. कापूस निघाल्यावर उपटलेल्या पऱ्हाट्या चुलीला लागत. उकिरडा ही घराची मालमत्ता होती. तो उचलून नेण्याबद्दल कोणी पैसे मागितले असते तर कुणब्याने त्यास वेड्यात काढले असते, आणि फुकट नेऊ म्हटले असते तर चोर ठरविले असते.

याला एक मोठा अपवाद होता, तो मेलेल्या ढोराचा. बैल वा म्हैस गोठ्यात मरून पडली म्हणजे ती हलविणे मालकाच्या एकट्याच्या आवाक्याबाहेरचे काम असे, आणि धर्मकल्पनेमुळे तो तिला शिवतही नसे. जुन्या गावातील जड व अवजड कचरा म्हणावा तो हाच. तो ओढून नेण्याचे काम महारांकडे वंशपरंपरेने आले होते आणि त्याचा मोबदला रोख नव्हता. सुगीच्या वेळचे बलुते आणि मृत जनावरावरील हक्क या दोन रूपांनी तो मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात या देवघेवीचे जे वर्णन केले आहे, ते वऱ्हाडाबाहेरील अनुभवावर आधारलेले असले तरी व्यवस्थेची चौकट सर्वत्र सारखीच होती. तीत मालकाला आकारणी जाणवत नसे, कारण ती धान्याच्या राशीत आणि जातीच्या बंधनात विरून गेलेली होती.

या मोबदल्याचा हिशेब उघडपणे मांडला गेला तो ही चाल मोडू लागली तेव्हा. मार्च 1927 मधील महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी मृत ढोरे ओढणे व त्यांचे मांस खाणे सोडून देण्याचे आवाहन केले. कातडे, शिंगे व हाडे यांपासून एखाद्या गावच्या महारांना वर्षाकाठी पाचशे रुपये मिळतात व ते हे उत्पन्न गमावीत आहेत, असा आक्षेप पुढे ‘केसरी’तील पत्रांतून घेण्यात आला. ज्यांना हा लाभ वाटतो त्यांनी ते काम स्वतः करावे, पाचशे रुपये आपण वर देऊ, असे उत्तर आंबेडकरांनी दिले. आणि ऑक्टोबर 1956 मध्ये नागपूरच्या भाषणात हा प्रसंग त्यांनी पुन्हा सांगितला. आर्थिक इतिहासाच्या दृष्टीने हा वाद मोलाचा आहे. वस्तूचे मूल्य दाखवून श्रमाचे मूल्य शून्य धरण्याची युक्ती त्यात उघडी पडली. त्यानंतर ढोर उचलण्याचा खर्च मालकाला वा गावाला रोखीने सोसावा लागणे अटळ होते.

शहरांची गोष्ट निराळी होती. 1870 साली जलंबहून खामगावास लोहमार्ग आला आणि कापसाच्या त्या बाजारपेठेत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, गाडीतळ आणि मजुरांची वस्ती एकत्र आली. उकिरड्यास जागा उरली नाही व शेत दूर गेले. वऱ्हाडासाठी 1886 साली स्वतंत्र म्युनिसिपल कायदा झाला; पुढे 1922 च्या मध्यप्रांत व वऱ्हाड नगरपालिका अधिनियमाने त्याची जागा घेतली. या दुसऱ्या कायद्यातील दोन तरतुदी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. एकीने नगरपालिकेने गोळा केलेला केर, शेण, राख, मैला व मेलेली जनावरे ही तिची मालमत्ता ठरविली. दुसरीने पालिकेच्या नोकरांकरवी साफ होणाऱ्या खाजगी शौचकूपांवर व आवारांवर सफाईपट्टी बसविण्याचा अधिकार तिला दिला. म्हणजे पालिका रहिवाशाकडून नेण्याचे पैसे घेई आणि नेलेल्या मालाचे खत विकूनही पैसे मिळवू शके. मुंबई शहरात 1888 च्या कायद्याने बसविलेला ‘हलालखोर कर’ याच जातीचा. कराला कामकऱ्याच्या जातीचे नाव देण्यात मात्र तेथील कायदेकर्ते अधिक स्पष्टवक्ते होते.

तरीही वऱ्हाडातील रहिवाशांस सफाईचा खरा खर्च फारसा कळला नाही. त्याचे एक कारण जकात. नाक्यावर मालावर घेतलेल्या जकातीतून पालिकेचा बराचसा संसार चाले, आणि तो भार शेवटी कोणावर पडतो हे कोणाच्या बिलात दिसत नसे. दुसरे कारण अधिक खेदजनक आहे. मैला व केर वाहणाऱ्यांचे वेतन अत्यल्प होते. मुंबई सरकारने 1949 साली नेमलेल्या बर्वे समितीने आपल्या प्रांतातील सफाई कामगारांची जी हलाखी मांडली, आणि 1957 साली नेमलेल्या मलकानी समितीने देशभर जी पाहिली, ती ध्यानात घेता सफाई स्वस्त का पडत होती हे निराळे सांगण्याची गरज नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी खराटा हाती घेऊन गावोगाव झाडले, ते विनामूल्य. त्यांच्या या कार्याचे थोरपण निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या नावाने गौरव करणाऱ्या गावांनी झाडूवाल्याच्या पगाराचा प्रश्न त्या गौरवामागे झाकून टाकला, हेही नाकारता येत नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. त्यानंतर 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने खेड्यांतही सामान्य स्वच्छता-उपकर बसविण्याची मुभा मिळाली, आणि शहरांना 1965 चा नगरपरिषद अधिनियम लागू झाला. याच सुमारास कर आणि शुल्क यांतील भेद न्यायालयांपुढे आला होता. शिरूर मठ प्रकरणी 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने असे मानले की, कर हा सार्वजनिक कारणासाठी सक्तीने घेतला जातो, तर शुल्कापोटी देणाऱ्यास काही विशिष्ट सेवा मिळावी लागते. कचऱ्याच्या बाबतीत हा भेद सरळ नाही. घरातून उचललेला केर ही त्या घराला मिळालेली सेवा खरी, परंतु तो न उचलला तर रोगाचा उपद्रव शेजाऱ्यास होतो.

1999 साली महाराष्ट्रातील नगरपरिषदांची जकात बंद झाली व तिच्या जागी राज्याचे अनुदान आले. त्याच काळात केराचे स्वरूपही बदलले. प्लॅस्टिक मिसळलेला केर शेतकरी खत म्हणून घेईना. सिमेंटच्या अंगणातील छाटलेल्या फांद्यांना गॅसच्या शेगडीने निरुपयोगी केले. पालिकेच्या मालकीची म्हणून कायद्याने गणलेली मालमत्ता तिच्यावरचे ओझे ठरली, आणि 2016 चे वापरशुल्क या ओझ्याचा हिशेब रहिवाशासमोर प्रथमच उघडपणे ठेवते. त्यात एक अडचण आहे. सरसकट आकारणी झाल्यास एका खोलीच्या बिऱ्हाडाला बागेच्या छाटणीचा भार वाहावा लागतो. प्रत्येक फेरीमागे दाम घेतल्यास जुनी गादी रात्री नाल्यात पडते. केर जाळण्यास व उघड्यावर वा नाल्यात टाकण्यास नियमांनी मनाई केली असली, तरी पहारा ठेवण्यासही पैसा लागतोच.

वस्तूला मोल असेल तेथे जुनी दिशा अद्याप टिकून आहे. खामगाव-मलकापूरच्या गल्ल्यांतून हातगाडी फिरविणारा भंगारवाला लोखंडी पलंग तोलून घेतो व घरमालकास पैसे देतो. फुटक्या कौलांना, कापूस गोळा झालेल्या गादीला आणि निंबाच्या ओल्या फांद्यांना तो हात लावीत नाही.