आबांचा आकडा

मे 2021 चा पहिला आठवडा, कोरोनाची लाट. निमगाव केतकीजवळच्या एका दवाखान्यासमोर तुम्ही आबांना घेऊन रांगेत उभे आहात. तोंडावर दोन मास्क, मान घामानं भिजलेली. जो तो एकमेकांना सीटी स्कॅनबद्दल विचारतोय, "स्कोअर किती आला?"

आतले डॉक्टर बीएएमएस. इंदापूर-बारामतीच्या खेड्यांत ताप आला की माणूस आधी अशांकडंच जातो. शिक्षण आयुर्वेदाचं, टेबलावर स्टेथोस्कोप नि सलाईन. चीनच्या वुहानमध्ये 2020 साली लिआन्हुआ छिंगवन या पारंपरिक चिनी औषधाच्या कॅप्सूल नेहमीच्या उपचारांच्या जोडीला दिल्या गेल्या, त्यामागं सरकारी धोरण होतं. इथं दोन्ही पॅथी एकाच डोक्यात आधीपासून नांदताहेत.

काढा तुमच्या घरी रोज उकळतोय, आयुष मंत्रालयाच्या मापानं: तुळस चार भाग, सुंठ आणि दालचिनी दोन-दोन, मिरी एक. 29 एप्रिलला मंत्रालयानं आयुष-64 जाहीर केलंय. सप्तपर्ण, कुटकी, काडेचिराईत, सागरगोटा. गोळी मुळात हिवतापासाठी बनवलेली. सौम्य ते मध्यम आजारात, नेहमीच्या उपचारांसोबत, एवढाच दावा. (दावा वाचणारे थोडे, गोळी मागणारे फार.) वर्धा, मुंबई, लखनौच्या चाचण्यांत रुग्ण किती लवकर बरे होतात हे पाहिलं गेलं. ब्रिटनमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड तपासताना मृत्यू मोजले: व्हेंटिलेटरवरच्यांत ते एक तृतीयांशानं घटले, ऑक्सिजनवरच्यांत एक पंचमांशानं. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. म्हणून माझ्या मते इथलं सगळ्यात मोलाचं यंत्र म्हणजे बोटावरचा ऑक्सिमीटर. काढा कुठं थांबवायचा आणि स्टेरॉइड कधी सुरू करायचं, दोन्ही तोच सांगतो.

"आबा, सहा मिनिटं चालून दाखवा."

जाताना 95. परत येईस्तोवर 90.

तुम्ही खिशातली चिठ्ठी काढता. कुणीतरी रेमडेसिव्हिरचं इंजेक्शन मिळवून देणार म्हणालंय. डॉक्टर चिडतात. "गेल्या महिन्यात बारामतीत पोलिसांनी कुणाला पकडलं, वाचलं नाही? रिकाम्या बाटल्यांत पॅरासिटामॉल भरून विकत होते!"

"मग काढा? आयुषच्या गोळ्या?" आबा धापा टाकत विचारतात.

"काढा घरच्यांना पाजा, आबा. तुम्हाला आता ऑक्सिजन लागणार. गोळ्यांचं हॉस्पिटलातले डॉक्टर ठरवतील. गाडी येईस्तोवर पालथे झोपा." ते 108 ला फोन लावून तुमच्याकडं वळतात. "रुईच्या हॉस्पिटलात बेड आहे का विचारतो. नसला तर बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली हॉस्पिटल. आधार कार्ड आणलंय ना?"