कॉलबॉय आलाय, उठा

रात्रीचे दोन वाजून गेलेत आणि कुणीतरी दाराची कडी बडवतंय. उठा, तुमच्यासाठीच आहे. अंगाखालची सतरंजी घामाने ओली झाली आहे, मानेला डास चावलेत, बाहेर अंगणात बाजांवर निजलेली माणसं कूस बदलताहेत. 1974 सालचा मे महिना, तारीख 3. तुम्ही कर्जतच्या रेल्वे कॉलनीत आहात. जिल्हा कुठला म्हणून विचारलंत तर लोक ‘कुलाबा’ सांगतील; रायगड हे नाव पडायला अजून अवकाश आहे.

खिशात फोन चाचपू नका. इथे निरोप पायी येतो. दारात कंदील आणि वही घेऊन उभा आहे तो कॉलबॉय. त्याच्या वहीत आपल्या नावापुढे सही करा. पावणेतीनला साइन ऑन, घाट चढणारी मालगाडी, तुम्ही बँकरवर. बँकर म्हणजे गाडीला मागून रेटणारं इंजिन, आणि तुम्ही त्यावरचे असिस्टंट ड्रायव्हर. बदली होऊन नुकतेच आलात, क्वार्टर मिळालेलं नाही, म्हणून तुमच्याच ड्रायव्हरकाकांच्या घरी पथारी टाकली आहे.

काकू आपल्या आधी उठल्या आहेत. रॉकेल संपलंय, त्यामुळे स्टोव्ह कोपऱ्यात आणि चूल पेटलेली. धूर डोळ्यांत जातोय, भाकरी थापल्याचा आवाज येतोय, जवळ्याच्या चटणीच्या वासाने इतक्या रात्रीही तोंडाला पाणी सुटलंय. भिंतीला पाठ लावून झोपलेली दोन पोरं ओलांडून तांब्याकडे जा. तोंड धुवा. डबा उचला. काकू काकांना एवढंच विचारतात, “कधी येणार?” काका चपला शोधत म्हणतात, “गाडीला विचार.”

हे उत्तर नीट ऐकून ठेवा. दिवसभर तुम्हाला त्याचा अर्थ कळत राहणार आहे.

यार्डात तापलेल्या लोखंडाचा, ग्रीसचा आणि ब्रेकच्या जळक्या धुळीचा वास आहे. रुळांमधल्या खडीने दिवसभर साठवलेली ऊब बुटांच्या तळव्यांतून वर येते. तुमचं इंजिन सायडिंगला उभं आहे: दोन्ही बाजूंना लांब सोंडा, चाकांना जोडणारे जाड दांडे, आणि उभ्या उभ्या कण्हण्याचा आवाज. रेल्वेतली माणसं त्याला ‘खेकडा’ म्हणतात. पहिले खेकडे 1928 साली आले. यांच्यातल्या काहींनी काकांच्या वडलांच्या पिढीलाही घाट दाखवला आहे. आता नवी इंजिनं येऊ लागली आहेत, पण आज तुमच्या वाट्याला जुनंच आलंय. आत चढा. दांडीला हात लागला तर चटका बसेल.

पुढे मालगाडीचे डबे, त्यांच्या शेवटी गार्डाचा डबा आणि त्याचा लाल दिवा. तुम्हाला घाटभर दिसणार तेवढंच. पुढचं इंजिन शिटी देतं, तुमच्या काकांनी तीच शिटी परत द्यायची, मग दोघांनी एकदम जोर लावायचा. पळसदरी मागे पडते आणि डबे मागे रेलू लागतात. दर 37 फुटांना एक फूट चढ आहे. ऐकायला काहीच नाही, पण हजार टनांच्या गाडीला प्रत्येक फूट मोजून द्यावा लागतो. बोगद्यात शिरलात की आवाज कानात राहत नाही, तो छातीत शिरतो. ओल्या कातळाचा गारवा क्षणभर, मग मोटारींची गरम हवा, मग पुन्हा मोकळं आभाळ आणि खाली दरीत एखाद्या वाडीचा एकुलता दिवा. ठाकूरवाडी. मंकी हिल. नावं सांगताना काका नजर हलवत नाहीत. तुम्हीही हलवू नका. मागून रेटणाऱ्याने क्षणभर ढिलाई केली तर सगळी गाडी पुढच्या एका इंजिनाच्या मानेवर लोंबकळते.

वर आलात की खंडाळ्याची हवा गळ्याला गार लागते. शर्ट अंगावरच वाळतो आणि पाठीवर मिठाच्या रेघा उमटतात. इंजिन सुटतं. काम झालं असं वाटतं ना? इथूनच खरी ड्यूटी सुरू होते. रिकामं इंजिन खाली न्यायला लाइन मोकळी नाही. बसा. चहा प्या. पुन्हा बसा. उजाडतं. एक एक्सप्रेस जाते, एक मेल जाते. साडेसातला सिग्नल पडतो. उतारावर ठरलेल्या जागी थांबून ब्रेक धरतोय ना याची खात्री द्यावी लागते, तेव्हाच पुढचा रस्ता मिळतो. नाहीतर गाडी वाळूच्या चढावरच्या सायडिंगमध्ये जाईल अशीच सांध्यांची मांडणी ठेवलेली असते. तिथे गँगची माणसं भेटतात: खांद्यावर घण, डोक्याला टॉवेल, काहींच्या पायांत काहीच नाही. त्यांतले बरेचजण वर्षानुवर्षं हंगामी. पावसाळ्यात रात्रभर कंदील घेऊन दरडींवर नजर ठेवायची, आणि पाऊस संपला की नाव पटावर राहील याची खात्री नाही. एकजण ओरडतो, “काका, आठ तारखेला काय?” काका हात वर करतात. बोलत नाहीत.

कर्जतला उतरता उतरता दुसरी मालगाडी उभी दिसते. हो, तीही तुमचीच. फलाटावर दिवाडकरांच्या स्टॉलवर कढई चढली आहे. कागदात गुंडाळलेला बटाटावडा खिडकीतून हातात पडतो, बोटं भाजतात, तेल मनगटावर ओघळतं. शेजारी ठाकर बायका पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसल्या आहेत. द्रोण घ्यायचाय? पळत जा, शिटी झाली.

साइन ऑफ कराल तेव्हा दुपारचे साडेतीन झालेले असतील. तेरा तास होत आले. गेल्या वर्षी ऑगस्टात देशभरच्या लोको कामगारांनी काम बंद केलं, तेव्हा सरकारने सलग दहा तासांवर ड्यूटी नेणार नाही असं मान्य केलं होतं. ते कागदावर आहे. आता आठ तारखेपासून देशभर रेल्वे संप ठरलाय, आणि मागणी आठ तासांची आहे.

आठ तासांची मागणी कशासाठी, हे पाहायचं असेल तर सभेत जाऊ नका, आधी घरी या. कौलं तापली आहेत. काकूंनी खिडकीला गोणपाट ओलं करून टांगलंय. शाळेला सुट्टी, पण कॉलनीत दुपारी पोरांचा आवाज नाही. प्रत्येक ओळीत कुणाचे ना कुणाचे वडील दिवसाढवळ्या झोपलेले असतात, म्हणून पोरं नदीवर पिटाळलेली, नाहीतर पायरीवर बसून कुजबुजत गोट्या खेळणारी. धाकट्याला ताप आहे. तो रडू लागला की काकू त्याला उचलून उन्हात बाहेर नेतात. तापलेलं पोर उन्हात, का, तर बापाला चार तास झोप मिळावी, कारण कॉलबॉय पुन्हा केव्हाही येईल आणि डुलकी लागलेला माणूस घाटात शेकडो जिवांना घेऊन जाईल. त्या संपाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. लिहिणाऱ्यांनी दिल्लीतल्या वाटाघाटींइतकंच या ओल्या गोणपाटाकडेही पाहायला हवं होतं असं मला फार वाटतं.

तुम्हाला झोप येणार नाही. मग काकूंच्या पायरीवर बसा, त्या तांदूळ निवडताहेत. रेशनचा तांदूळ, निम्मे खडे. दुष्काळात मिलो ज्वारी खाल्ली तिची चव अजून तोंडातून गेली नाही म्हणतात. डाळीचा भाव, तेलाचा भाव, रॉकेलची रांग. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकरांबरोबर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, हे त्यांनी पेपरात वाचलंय, आणि लाटणं या शब्दावर त्यांचा हात सुपात क्षणभर थांबतो. त्यांचा भाऊ खोपोलीला महिंद्र युजिनच्या पोलाद कारखान्यात आहे. खालापूरच्या त्या पट्ट्यात कारखाने उभे राहिल्यापासून दिवाळीला बोनस येतो. कायद्यानेच किमान 8.33 टक्के. भाऊबीजेला तो लुगडं घेऊन येतो. “आणि आमच्याकडे?” काकू विचारतात. “रेल्वे म्हणे सरकारी खातं, म्हणून बोनस नाही. माझा भाऊ लोखंड वितळवतो तो कामगार, आणि हे तेच लोखंड घाटावर चढवतात ते कोण?”

संध्याकाळी क्वार्टरांमागच्या मैदानात चला. पेट्रोमॅक्सचा सू-सू आवाज, बिडीचा धूर, जमिनीवर अंथरलेल्या सतरंज्या, पाठीमागे झाडाला बांधलेला लाल बावटा. केबिनमन, पॉइंट्समन, कॅरेजचे फिटर, गँगचे मुकादम, गणवेशाची बटणं सोडून बसलेले गार्ड. नॅशनल रेल्वे मजदूर युनियनची सभा आहे, पण पाहुणे सगळे. काल लखनौला संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांना पकडलं, ही बातमी रेडिओवरून प्रत्येकाने ऐकलीय आणि तरी प्रत्येकजण दुसऱ्याला ती नव्याने सांगतोय. भाषण ऐन रंगात आलं असताना मुंबईहून डेक्कन क्वीन येते. वक्ता थांबतो. सगळी सभा कान देऊन बसते: बँकर लागला, शिटी, उलट शिटी, निघाली. कुणीतरी मान डोलावतो. उद्या जी गाडी बंद पाडायची, ती आज वेळेत गेली याचं समाधान त्या चेहऱ्यांवर आहे. हे पाहिल्यावर या माणसांना कुणी बेजबाबदार म्हटलेलं मला सहन होत नाही.

मग कामाच्या गोष्टी. 8 मेला सकाळी सहाला चक्का जाम. पगार थांबला तर? एका बाजूला वही उघडली आहे: कुणाच्या घरी किती तांदूळ, कुणाला गावाहून नाचणी येणार, कुणाची सून दिवस भरलेली आहे. क्वार्टर खाली करायची नोटीस आली तर बायकामुलं कुठे जातील? दोघांनी दहिवलीतल्या नातेवाइकांची नावं दिली. नळावर पाणी बंद झालं तर उल्हास नदी आहेच. या यादीत दुसऱ्या झेंड्याचीही घरं आहेत. सेंट्रल रेल्वे मजदूर संघवाल्यांचा संपाला पाठिंबा नाही. काकूंच्या शेजारचे त्यांच्यातले. दोन्ही पुरुष आठ दिवस एकमेकांकडे बघत नाहीत. दोन्ही बायका त्याच नळावर हंडे लावतात, आणि आज दुपारी तापलेलं पोर जिने सावलीत घेतलं ती तीच शेजारीण. सभेत कुणीतरी म्हणतो, त्यांचं नाव कशाला? वही धरलेला पॉइंट्समन न बघता उत्तर देतो, “पोरं त्यांचीही जेवतात.” नाव राहतं.

इथे तुमचं काय होतंय मला कळतंय. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे आणि त्यांना नाही. वीस दिवस. हजारो अटका. रुळांवर पहारे. हाती काही न लागता मागे घेतलेला संप, आणि मग बडतर्फीचे कागद, सेवाखंड. 1977 साली मधु दंडवते रेल्वेमंत्री होतील आणि काढलेल्यांना परत घेतलं जाईल, 1979 साली बोनसही मिळेल, पण मधली वर्षं काकूंना लोकांच्या घरची शिवणकामं करून काढावी लागली तर? तोंड उघडू नका. उघडलंत तरी काका ऐकणार नाहीत. त्यांनी सकाळी गँगमनला हात वर करून दाखवलाय.

आणि तुम्हाला काम लागलंय. सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं, शाई अजून हाताला लागतेय. अर्धी पळसदरीच्या गँगला, मग केळवलीच्या, डोलवलीच्या फाटकवाल्यांना, उरलेली खोपोली स्टेशनवर. काकूंनी वर एक पुरचुंडी ठेवली आहे भावासाठी, करवंदांची. कारखान्याच्या युनियनने काही मदत काढली तर सांग म्हणावं, लाजू नकोस. खोपोलीची शेवटची गाडी फलाटाला लागलीय, गार्डाने हिरवा दिवा हातात घेतलाय. गठ्ठा शर्टाच्या आत घाला आणि पळा.